टॉवरमधली एक खोली : ऐकीव माहिती आणि वस्तुस्थिती

लोअर परळ, प्रभादेवीत गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि स्टुडिओ फ्लॅट भाड्याने शोधणाऱ्यांची रांगही लागली. एजंट, ऑफिसातले मित्र आणि लिफ्टमध्ये भेटणारे काका मिळून या रांगेला जे कायदे ऐकवतात, त्यांतले बरेचसे कुठल्याच पुस्तकात सापडत नाहीत.

सगळ्यांत चिवट समज हा : ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोटरी केली की झालं.’ १९०८च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. त्यातून सुटायला देशभर अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती बंद आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल आणि वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं ग्राह्य धरलं जातं. नोटरीवर भागवणाऱ्या मालकांना हे कुणी सांगत नसावं.

आणि नोंदणी टाळून वाचतं किती? भाडं ४०,००० आणि डिपॉझिट दीड लाख धरा. अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. म्हणजे सुमारे साडेअकराशे रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. एजंट याहून जास्त सांगत असेल, तर वरचे पैसे त्याच्या सेवेचे आहेत, सरकारचे नाहीत.

‘बारा वर्षं राहिलं की घर भाडेकरूचं’ ही धास्ती मालकांची. बारा वर्षांचा नियम आहे तो मालकी नाकारून, उघडपणे केलेल्या कब्जासाठी. करार करून, मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याला तो लागू होत नाही. उलट मुदत संपूनही खोली सोडली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २४नुसार दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

‘भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी मनाला येईल तेवढे पैसे लावते.’ लावता येत नाहीत. मालक स्वतः राहत नसल्याबद्दलच्या ना-वापर शुल्काला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा २००१ पासून आहे आणि ते सोसायटी मागते मालकाकडे. मालक ते तुमच्या माथी मारतोय का, हे करारात बघा. लॉक-इनची, म्हणजे किती महिने घर सोडता येणार नाही याची ओळही तिथेच, बहुधा बारीक अक्षरात, सापडेल.

आता उंची. ‘वरच्या मजल्यावर शांतता असते’ असं सांगून भाडं चढवतात. रस्त्यापासूनचं अंतर दहा मीटरचं वीस झालं, तरी वाहतुकीचा सलग आवाज जेमतेम तीन डेसिबलने उतरतो. कानाला तो फरक लागलाच तर लागतो. त्यातून खालच्या मजल्यांना शेजारच्या बैठ्या इमारतींचा आडोसा असतो. त्यांच्या वर गेलात की उड्डाणपूल, रेल्वे, पलीकडच्या मैदानातले स्पीकर, सगळं थेट खिडकीत. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, ती कागदावर. म्हणून फ्लॅट रविवारी सकाळी बघू नका. कामाच्या दिवशी रात्री आठला जा, खिडकी उघडा आणि पाच मिनिटं गप्प उभे राहा.

हवेचंही तसंच. बऱ्याच स्टुडिओंना बाहेर उघडणारी एकच बाजू असते, दुसरीकडे बंद कॉरिडॉर. समुद्र दिसत असला तरी वारा आरपार जात नाही, आणि लसणाची फोडणी दिली की वास पलंगावरच्या चादरीपर्यंत पोचतो. ओट्यावर चिमणी आहे का आणि तिचा पाइप खरोखर बाहेर निघतो का, ते हात लावून बघावं.

‘नवा टॉवर आहे, आगीची व्यवस्था असणारच.’ बसवलेली असते. चालू आहे की नाही, ते वेगळं. २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. सोसायटीच्या ऑफिसात तो मागा. मग एकदा जिन्याने रेफ्यूज फ्लोअरपर्यंत, म्हणजे आगीत आसरा घ्यायच्या मजल्यापर्यंत, जाऊन या. तिथे कुलूप असेल किंवा सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर डिपॉझिटचा चेक लिहिण्याआधी दुसरा टॉवर बघा.