रविवारची सुट्टी आणि गिरणीचा भोंगा

मुलांनो, परवा चौथीतल्या एकाने विचारलं, "गुरुजी, रविवारीच सुट्टी का?" सरकारी कचेऱ्यांना रविवार इंग्रजांच्या काळी होताच. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र तो भांडून मिळवावा लागला.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणी काढली. मुंबईतच का? वऱ्हाड-खानदेशचा कापूस याच बंदरातून परदेशी जाई. १८५३ मध्ये आगगाडी आली. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना. मग आपल्या कापसाला भाव आला नि व्यापाऱ्यांच्या गाठी पैसा जमला. यंत्रं विलायतेहून आली, पण माणसं गेली ती घाटावरून आणि आपल्या कोकणातून. इथला कातळ तुम्ही बघताच. भात वर्षभर पुरतं कुणाला?

काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत. लहान पोरंसुद्धा राबत. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्यांना बंदी झाली. म्हणजे आपल्या दुसरीतली मुलं चालत होती, तीही नऊ तास!

हे पाहून नारायण मेघाजी लोखंडे उठले. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी परळला सभा भरवल्या, कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. अखेर १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सहा वर्षं लागली बघा.

माझे वडील साचेखात्यात होते. एका खोलीत गावचे पंधरा-वीस जण. पाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर दुसरा आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, एका बाईकडे. बायकामुलं गावाकडे. शेत, गुरं, म्हातारी माणसं सगळं आईच बघे. पोस्टमन मनीऑर्डर आणी, त्या दिवशी आमच्याकडे गूळ यायचा.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा याच शाळेत दुसरीत होतो. मनीऑर्डर थांबली. पुढच्या वर्षी वडील पत्र्याची ट्रंक घेऊन परत आले ते कायमचेच. अनेक गिरण्या पुढे उघडल्याच नाहीत. त्या जागांवर आता टोलेजंग इमारती आहेत.

साच्यांच्या खडखडाटाने वडिलांना कमी ऐकू येई. ते मोठ्याने बोलत. आम्हा पोरांना वाटे, ते रागावलेत. आई सांगायची, "रागावले नाहीत रे, गिरणीत होते ना."