एम. सी. रोडची स्वस्ताई

चेन्नईला गेलं की साडी घ्यायची ती टी. नगरमध्येच, असं आपल्याला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं. पण उत्तर चेन्नईतली कामगार कुटुंबं दिवाळी-पोंगलचे कपडे घ्यायला जातात, ती जुन्या वॉशरमनपेठेतल्या एम. सी. रोडवर. थोडक्या पैशात घरभराची खरेदी होते आणि ‘स्वस्तात मिळालं’ हे सांगताना कुणी संकोचत नाही.

का संकोचावं? ईस्ट इंडिया कंपनीचं कापड धुऊन शुभ्र करणाऱ्या धोब्यांची ही वस्ती. तिचं नावही त्यांच्यावरूनच पडलं. जवळच्या पेरांबूरला बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरण्या होत्या. त्यांचं खाकी कापड प्रसिद्ध होतं. त्याच कामगारांमधून १९१८ साली मद्रास लेबर युनियन उभी राहिली. देशातल्या पहिल्या कामगार संघटनांत तिची गणना होते.

१९९६ साली गिरण्या बंद पडल्या. आपल्या लालबाग-परळसारखीच ही कथा. बाकीचं शहर या भागाकडे पाहून आजही नाक मुरडतं. पण ज्यांच्या वाडवडिलांनी कापड विणलं, त्यांना कापडाची पारख किमतीच्या चिठ्ठीवरून करावी लागत नाही. २०१९ पासून वॉशरमनपेठेपर्यंत मेट्रो धावते. पुढच्या खेपेला तिकडेही एक फेरी मारून पाहा!