बटण दाबले, पण कॉम्प्युटर उठेना

सुटे भाग मागवून घरीच कॉम्प्युटर जोडायची हौस आता शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावातही पोहोचली आहे. प्रोसेसर एकीकडून येतो, रॅम दुसरीकडून, कॅबिनेट कुरिअरने. आठ-पंधरा दिवस घरात खोकी येत राहतात आणि मुले मोबाइलवर व्हिडिओ पाहून जोडणी करतात. मग एका रात्री जेवणे आटोपल्यावर सगळे गोळा होतात, बिस्मिल्ला म्हणून बटण दाबले जाते आणि काहीच होत नाही. पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. भिशीतून उचललेले पैसे डोळ्यांसमोर येतात. कोणी म्हणते एसएमपीएस उडाला, कोणी म्हणते ऑनलाइनचा माल असाच. एखादी खाला हळूच सांगते, नजर लागली.

नजरेचे नंतर पाहू. आधी कॅबिनेटच्या मागे, जिथे वीज आत जाते तिथला छोटा स्विच पाहा. उभी रेघ असलेली बाजू दाबलेली हवी. गोल असलेली दाबली असेल तर मशीन बंदच आहे. नवीन एसएमपीएसवर हा स्विच बंद ठेवलेलाच येतो असे समजून चालावे. नंतर भिंतीवरचा बोर्ड. त्याच सॉकेटमध्ये टेबल लॅम्प किंवा मोबाइलचा चार्जर लावून खात्री करा. एक्स्टेन्शन बाजूला काढून केबल थेट भिंतीत लावा. एवढ्यावर काम झाले तर पुढचे वाचायची गरज नाही.

झाले नाही, तर बटण नेमके काय करते ते समजून घ्यावे लागेल, कारण निम्मी भीती तिथेच जाते. जुन्या कॉम्प्युटरमध्ये पुढचे बटण विजेच्या दिव्यासारखे होते. २३० व्होल्टची वायर थेट तिथपर्यंत यायची. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली आणि ते बदलले. आताचे बटण दारावरच्या बेलसारखे आहे. ते मदरबोर्डवरच्या दोन बारीक पिना क्षणभर जोडते. मदरबोर्डला निरोप पोहोचतो, तो एसएमपीएसला सांगतो आणि मग सगळे सुरू होते. म्हणजे मशीन बंद दिसत असतानाही मागचा स्विच चालू असेल, तर पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डवर जागा असतो. बऱ्याच मदरबोर्डवर त्यासाठी एक चिमुकला दिवा असतो. तो लागलेला दिसला की वीज आतपर्यंत आली आहे, पण निरोप पोहोचत नाही, असा अर्थ घ्यायला हरकत नाही.

शिराळ्यात राहणाऱ्या माझ्या एका भाचीच्या घरी गेल्या पावसाळ्यात हेच झाले. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या या मुलीने मशीन स्वतः जोडले होते. "मामू, कुछ हुआच नई," एवढेच ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. मागून तिच्या अब्बांचा आवाज येत होता की उद्या सकाळी मोटारसायकलवर बांधून कराडला नेतो, मुलींनी हे उद्योग कशाला करायचे. भर पावसात, पेठ नाक्यापर्यंतचा रस्ता, मागे कॅबिनेट. आतला जड कूलर हादऱ्याने सैल झाला असता तो वेगळाच.

मी तिला त्या चिमुकल्या दिव्याबद्दल विचारले. दिवा लागलेला होता. मग कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून ज्या दोन पिनांवर ती बसते, त्यांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक एक सेकंद टेकवायला सांगितले. या पिनांवर व्होल्टेज अगदी कमी असते, हाताला धक्का बसत नाही. फक्त टोक शेजारच्या पिनांवर घसरू द्यायचे नाही. तिने टोक टेकवले आणि पंखे फिरले. बटणाची वायर एक घर बाजूला, दुसऱ्याच जोडीवर बसली होती. मदरबोर्डच्या पुस्तिकेतले चित्र पाहून ती नीट लावली. खर्च शून्य. अब्बांनी चहा मागितला, दुसरे काही बोलले नाहीत.

या बारीक वायरी हा नव्या जोडणीतला सर्वात चुकीचा, म्हणजे सर्वात जास्त चुकणारा भाग आहे. पिना सुईएवढ्या, अक्षरे मुंगीएवढी, आणि सगळे कॅबिनेटच्या तळाच्या कोपऱ्यात. बटणाच्या वायरीला उलट-सुलट नसते, दिव्याच्या वायरीला असते. पण दिव्याची वायर उलटी बसली तर दिवा लागत नाही, एवढेच.

टोक टेकवूनही काही झाले नाही, तर मोठ्या जोडण्यांकडे वळा. त्याआधी केबल काढून घ्या आणि बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. मदरबोर्डला वीज देणारी रुंद, २४ पिनांची केबल बहुतेक वेळा लावलेली दिसते, पण पूर्ण बसलेली नसते. कडीचा 'टक' आवाज यायला हवा. त्यासाठी अंगठ्याने चांगलाच जोर द्यावा लागतो आणि नवी मुले मदरबोर्ड मोडेल म्हणून घाबरतात. दुसरी केबल प्रोसेसरची, आठ पिनांची. ती मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, कूलरच्या मागे लपलेल्या जागी लागते आणि हमखास विसरली जाते. ती नसेल तर पंखे क्षणभर फिरून थांबतात किंवा फिरत राहतात, पण स्क्रीनवर काही येत नाही. ग्राफिक्स कार्डची आठ पिनांची केबलही तिच्यासारखीच दिसते. ती तिथे सहज बसत नाही आणि बळेच बसवायचीही नाही. एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबली दुसऱ्या एसएमपीएसच्या केबलींशी कधीही बदलू नका, दोन्ही टोके दिसायला सारखी असली तरी. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असते. चुकीच्या केबलीने नवा डिस्क किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

एवढे करूनही मशीन निर्जीव असेल, किंवा क्षणभर उठून पुन्हा झोपत असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे का ते पाहावे. मदरबोर्ड पितळी खुंट्यांवर उभा असतो. एखादी खुंटी नको त्या जागी राहिली, किंवा एखादा स्क्रू मागे पडला, तर मदरबोर्डची पाठ लोखंडी पत्र्याशी जोडली जाते आणि एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. खात्रीचा उपाय म्हणजे मदरबोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम आणि दोन्ही केबली एवढेच लावून स्क्रू ड्रायव्हरने सुरू करायचा. बाहेर चालला आणि आत चालला नाही, तर दोष कॅबिनेटमधल्या बसवणीत. मग एका वेळी एकच भाग जोडत जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काम झाले ते कळत नाही.

आता अर्थिंग. जुन्या घरांत सॉकेटला तीन भोके असतात, पण वरच्या भोकाची वायर जमिनीपर्यंत गेलेलीच नसते. अशा घरात कॉम्प्युटर चालतो, पण कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे बारीक कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज दिसते. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून माणसाला सहसा मुंग्यांपलीकडे काही होत नाही. पण चांदोलीकडून पाऊस लागला की शिराळ्यातल्या फरश्या दिवस-दिवस ओल्या राहतात आणि घरात लहान मुले अनवाणी फिरत असतात. शिवाय एसएमपीएसच्या आत खरोखर बिघाड झाला, तर अर्थिंगशिवाय वाचवणारे कोणी नसते. मुंग्या आल्या तर कॉम्प्युटरच्या माणसाला नाही, वायरमनला बोलवा. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त साठा काही वेळ राहू शकतो.

पंखे फिरतात, दिवे लागतात आणि फक्त स्क्रीन काळी आहे, हा प्रकार वेगळा. रॅम काढून पुन्हा दाबून बसवा. एकच पट्टी असेल तर बहुतेक मदरबोर्डवर ती प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत लागते. ग्राफिक्स कार्ड लावले असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, त्या कार्डाला लावा. डीडीआर ५ रॅमची मशीन पहिल्यांदा सुरू होताना रॅमची ओळख करून घ्यायला कित्येक मिनिटे काळी राहू शकते. तेवढ्यात घाईने बंद करू नका.

प्रोसेसर बसवताना सॉकेटमधल्या केसासारख्या पिना वाकल्या, तर वॉरंटीत ते सहसा धरत नाहीत. अशा वेळी "असाच आला" म्हणून माल परत पाठवण्याचा मोह होतो आणि मित्रही तोच सल्ला देतात. तो माल कोणा दुसऱ्याच्या गळ्यात जातो किंवा दुकानदाराच्या. मुलाने मशीन जोडायला घेतले त्या दिवशीच घरातल्या मोठ्यांनी हे स्पष्ट सांगून ठेवावे. पिना वाकल्या तर खरे सांगून दुरुस्ती विचारायची. आणि भाग खरोखर खराब निघाला, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत बिल, खोके आणि काय काय करून पाहिले याची चिठ्ठी घेऊन जायचे. चिठ्ठी असली की दुकानातला माणूसही मुलाशी नीट बोलतो.

मशीन उठले की लगेच विंडोज टाकायला घेऊ नका. आधी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरचे तापमान पाहा. नुसते बसून ते तीस ते पन्नासच्या दरम्यान राहिले तर ठीक. काही न करता ऐंशीच्या पुढे चढत असेल तर ताबडतोब बंद करा आणि कूलर उघडा. बहुधा त्याच्या तळाला चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काढायचा राहिलेला असतो.