तार काढायची वेळ

श्रावण लागला की माझी सकाळ नांद्रुकाच्या कुंडीपाशी सुरू होते, चहाच्याही आधी. चष्मा लावायचा, फांदी एका बोटाने जरा उचलायची आणि तारेच्या एकेका वेढ्याखाली बघायचं: साल आणि तार यांच्यात फट उरली आहे का? पोस्टकार्डाची कड सरकेल एवढी असली तर झाडाला हात लावायचा नाही. तारेच्या दोन्ही अंगांना साल किंचित फुगलेली दिसली, की चहा राहतो आणि कटर येतो.

चार वर्षांपूर्वी याच झाडाला तार बांधून मी नागपूरला लेकीकडे गेले होते. अठरा दिवसांनी परतले. मधल्या दिवसांत इकडे, आदिलाबादजवळच्या मावल्यात, पाऊस धरून होता. गेले तेव्हा तार सालीवर टेकलेली होती, आले तेव्हा ती सालीत उतरली होती. ओढून काढायला गेले आणि पांढरा चीक भळभळला. शेवटी वेढा वेढा कापून काढला. त्या फांदीवर पिळाच्या दोऱ्यासारखी खूण उरली. आता ती बरीच भरली आहे, पण बोट फिरवलं की लागते.

बोन्साय बघायला येणाऱ्यांना वाटतं, तार म्हणजे झाड वाकवायचं हत्यार. फांदी वाकवतात ती बोटं. तार तिला त्या जागी धरून ठेवते, आणि ती जागा कायमची करतं ते झाड. साल आणि लाकूड यांच्या मध्ये कॅम्बियमचा एक पातळ जिवंत थर असतो. तो आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल घालत राहतो. वाकलेल्या स्थितीत नव्या लाकडाचे थर पुरेसे साचले, की तार सोडली तरी फांदी तिथेच राहते. अडचण एवढीच, की ज्या जाड होण्याने वळण पक्कं होतं, त्याच जाड होण्याने तार रुतते. पक्कं होणं आणि रुतणं यांच्या मधले थोडे दिवस हेरायचे, हे या कामातलं खरं कसब.

हे दिवस किती, ते माझ्याकडच्या पुस्तकांत सापडत नाही. ती पुस्तकं पाइन आणि जुनिपरची. तिथे तार सावकाश, महिनोन्‌महिने राहते. आमच्याकडे वड, पिंपळ, नांद्रुक, चिंच, बोगनवेल. आषाढ-श्रावणात नांद्रुकावर तीन-चार आठवडे म्हणजे पुष्कळ झाले. उलट आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली आहे, रात्रीचा पारा एक आकड्यावर येतो. तेव्हा हेच झाड आखडून बसतं, आणि कार्तिकात बांधलेली तार फाल्गुनापर्यंत निर्धास्त ठेवता येते. मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, मी कुठल्याच झाडाला तार लावत नाही. शेडनेटखाली जगणं एवढंच तेव्हा त्याच्याकडून मागावं.

तार तांब्याची घ्यावी की अ‍ॅल्युमिनियमची? नवशिक्याने तपकिरी मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी. ती मऊ असते, चूक झाली तर सोडून पुन्हा बांधता येते. मी तांब्यावर आले ते मोटार वाइंडिंगच्या दुकानामुळे. शेतातल्या पंपांच्या जळक्या मोटारी तिथे रांगेने पडलेल्या असतात. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "अम्मा, तीगा कशाला पाहिजे?" झाडाला बांधायला, म्हटल्यावर तो हसला. तेलुगूत तीगा म्हणजे तारही आणि वेलही. झाडाला तीगा, म्हणजे त्याच्या कानाला मी झाडावर वेल चढवायला निघाले होते. तेव्हापासून तार गुंडाळताना मला वेलच आठवते. तीही खोडाला अशीच तिरकी चढते.

बारीक तार त्याच्याकडची, अठरा आणि वीस गेजची. जाड हवी तर अर्थिंगसाठी मिळणारी उघडी तार, चौदा किंवा बारा गेजची. चौदा गेज म्हणजे साधारण दोन मिलिमीटर. ही तार आहे तशी वापरता येत नाही, ताठ असते. आधी तापवून नरम करावी लागते. जपानात त्यासाठी भाताचा पेंढा जाळतात. आमच्याकडे कापूस निघून गेल्यावर बांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात, तो जाळ मला पुरतो. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो आणि त्याचा धूर वाईट, म्हणून हे काम उघड्यावर आणि वाऱ्याच्या पाठीशी उभं राहून करायचं. वेळ तिन्हीसांजेची, कारण तारेचा लालसरपणा उजेडात दिसत नाही. तार मंद लाल झाली की चिमट्याने उचलून बादलीत. पोलाद असतं तर असं बुडवून कडक झालं असतं. तांबं बुडवलं तरी नरमच राहतं. मात्र पुढे त्याला जितकं वाकवाल तितकं ते ताठरतं. म्हणून नरम केलेलं वेटोळं उगाच हाताळायचं नाही. पहिलंच वाकणं फांदीवर व्हावं, म्हणजे तिथे ताठरून ते फांदी धरून ठेवतं.

बांधायच्या आदल्या दिवशी मी पाणी देत नाही. भरल्या पाण्याची फांदी कटकन मोडते, जराशी तहानलेली ऐकते. परवा बांधली ती पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक होती. तारेची जाडी फांदीच्या एक तृतीयांश धरतात, पण मी तारेचं टोक फांदीवर दाबून बघते. फांदी आधी हलली तर तार पुरेशी आहे. लांबी फांदीच्या दीडपट. जवळपास सारख्या जाडीच्या दोन फांद्या एकाच तारेत घ्यायच्या आणि मधला भाग खोडाभोवती दीड वळसा फिरवायचा, म्हणजे दोन्हीकडचा ओढा एकमेकांना धरतो. फांदी खाली आणायची असली तर बेचक्यातून निघताना तार फांदीच्या वरून गेली पाहिजे. खालून गेली तर बेचकं फाटतं. मग डाव्या चिमटीत झालेला वेढा घट्ट धरून उजव्या हाताने पुढचा घालायचा, ४५ अंशांच्या तिरकेपणाने. वेढे जवळजवळ आले तर जोर उरत नाही, लांब पडले तर फांदी मधल्या मोकळ्या जागेत मोडते. डोळा आणि पानाचा देठ तारेखाली येऊ द्यायचा नाही. ज्या अंगाला वळवायचं त्याच अंगाने पीळ, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला तार आलीच पाहिजे, कारण फाटायची तीच बाजू.

एवढं झाल्यावर वाकवणं. दोन्ही अंगठे आतून, बोटं बाहेरून. इथे मी रेडिओ बंद करते, कारण फांदी मोडण्याआधी बारीक आवाज देते. तो ऐकू आला की जिथे आहे तिथेच थांबायचं. बोगनवेलीचं जुनं लाकूड तेवढीही सूचना देत नाही, म्हणून तिच्या फक्त कोवळ्या, हिरव्या फांद्यांना तार.

जपानीत या कामाला हारिगाने-काके म्हणतात, म्हणजे सरळसरळ तार घालणं. चीनच्या दक्षिणेला, ग्वांगडोंगमध्ये, लिंगनान पद्धतीचे लोक मुख्यतः कात्रीवर भर देतात: फांदी वाढू द्यायची, कापायची, नवा फुटवा हव्या दिशेचा ठेवायचा, पुन्हा कापायची. तो उष्ण, भराभर फुटणाऱ्या झाडांचा मुलूख. आमचाही तसाच. म्हणून मला वाटतं, वड-नांद्रुकाला आपण अर्धी तार उगाच घालतो. सुरुवातीची दिशा तारेने द्यावी, बाकी कात्रीने. आणि ती दिशा तरी कुणाची? बर्फाच्या भाराने झुकलेल्या पाइनची चित्रं बघून नांद्रुकाच्या फांद्या खाली ओढायच्या हे मला पटत नाही. वडाची फांदी आडवी लांब जाते आणि पारंबीवर टेकते. चिंच डोक्यावर घुमट धरते. बांधावर जाऊन ती झाडं पाहावीत आणि मग तार हातात घ्यावी.

पुण्यात या छंदाचा पसारा मोठा. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने तिथे बोन्सायचं आंतरराष्ट्रीय संमेलनही भरलं. एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाला मी गेले, तेव्हा सगळे कुंडीच्या समोरून फोटो काढत होते आणि मी वाकून फांद्यांच्या पोटाकडे बघत होते. तारेची एकही खूण नसलेला एक वड दिसला. त्याच्यापुढे मी किती वेळ उभी राहिले ते कळलं नाही. इतकी वर्षं कुणीतरी एकही सकाळ चुकवली नव्हती.

आज सकाळी नांद्रुकाच्या डाव्या फांदीची साल फुगलेली दिसली. तेवीस दिवस झाले होते. तार उलगडली नाही. उलगडताना फुटवे मोडतात. कटरचं टोक एकेका वेढ्याच्या पाठीवर ठेवून, टोकाकडून खोडाकडे, चौदा तुकडे केले. शेवटचा तुकडा पडला तशी फांदी बोटभर वर आली आणि थांबली. अजून पुरती बसलेली नाही. खूण मात्र उठली नाही. तुकडे डब्यात टाकले आणि कुंडीतल्या पाटीवर लिहिलं: डावी, कार्तिकात पुन्हा, पीळ उलट्या अंगाने.