सही माझी, ऑपरेशन आईचं

(या भागाची लिखित प्रत. बोलताना झालेले "म्हणजे… अं…" काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

बारामतीहून इंदापूरला एसटीने जात असाल, तर भवानीनगर, सणसर, जंक्शन, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी ही नावं तुम्हाला पाठ असतील. माझं गाव याच पट्ट्यात. काम पुण्यात, सॉफ्टवेअरचं. पण आज ॲपबद्दल नाही, एका सहीबद्दल बोलायचंय. ती सही मी केली होती आणि मी करायला नको होती.

काय झालं?

दोन वर्षांपूर्वी आईला पाळीत खूप रक्त जायला लागलं. वय सत्तेचाळीस. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड निघाला. फायब्रॉइड म्हणजे गाठ, पण कॅन्सरची नव्हे. बारामतीतल्या एका खासगी हॉस्पिटलात गेलो. नाव घेत नाही, कारण असं कुठेही घडू शकतं. डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढून टाकू. मुलं मोठी झाली, आता तिचं काय काम?"

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. आई शेजारच्या खुर्चीवर बसलेली.

ॲडमिट झाल्यावर सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. चार पानं, सगळी इंग्रजीत, सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुल्या. मी फुल्या बघत सह्या केल्या आणि फॉर्म परत दिला. ऑफिसात कुणाचा पाच ओळींचा कोड तपासायला आला तरी मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय तो पुढे जाऊ देत नाही. आणि इथे आईचा एक अवयव काढायला मी एकही प्रश्न न विचारता परवानगी दिली.

संध्याकाळी आईने हळूच विचारलं, "सगळंच काढणार का रे?"

"सगळंच" म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. म्हणजे ज्या कागदावर मी सही केली, त्यात काय होतं ते ना मला ठाऊक, ना तिला. आम्ही डॉक्टरांना विचारलं, "हे तातडीचं आहे का?" ते म्हणाले, "तातडीचं नाही, पण करावं लागेलच." मग आम्ही पंधरा दिवस मागून घेतले. ते थोडे नाराज झाले, पण डिस्चार्ज दिला.

कायदा काय सांगतो?

घरी आल्यावर मी शोधायला बसलो आणि एक निकाल सापडला. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, १६ जानेवारी २००८.

प्रकरण दिल्लीचं, १९९५ सालचं. ४४ वर्षांची एक महिला पाळीच्या त्रासासाठी डॉक्टरांकडे गेली. नेमकं काय आहे ते दुर्बिणीतून बघायचं ठरलं आणि तिने त्या तपासणीसाठी सही केली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेतली गेली आणि गर्भाशय, अंडाशय, नलिका, सगळं काढलं. न्यायालयाने सांगितलं की ही संमतीच नाही. रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग ती शुद्धीवर येईपर्यंत थांबून तिलाच विचारायला हवं होतं. तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. नुकसानभरपाई मिळाली २५,००० रुपये. रक्कम छोटी वाटेल, पण तत्त्व मोठं आहे.

तिथे आईने मुलीसाठी सही केली होती, आमच्याकडे मुलाने आईसाठी. आमची आई तर पूर्ण शुद्धीत, समोरच बसलेली!

आपल्याकडे समज असतो की फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागते. खरं तर रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर निर्णय त्याचाच. नातेवाईक साक्षीदार असू शकतो, मालक नाही. अपवाद एकच: अपघातासारखी वेळ, जिथे जीव वाचवायला लगेच हात घालावा लागतो. तिथे डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत आणि थांबूही नये.

हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नाही

आपल्या भागात दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड टोळ्या येतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, या कारखान्यांच्या परिसरात त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. यातली बरीच कुटुंबं बीडची. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याचा विषय गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे साधारण सहापैकी एक.

त्या बायकांनीही कुठेतरी सही किंवा अंगठा दिलाच असेल. पण डोक्यावर मुकादमाची उचल, एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जाणार, फडात ना संडास ना पाणी. त्यात कुणी सांगतं, "पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल." अशा वेळी दिलेल्या "हो"ला आपण निवड म्हणायचं का? दुसरा पर्याय कुणी सांगितलाच नसेल, तर कागदावर सही असते, संमती नसते.

मग पर्याय होते काय?

आम्ही सगळे रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी मला गप्प बसवलं. "तुम्ही थांबा जरा. ताई, तुम्ही सांगा, तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

आई बोलायला लागली आणि दहा मिनिटं बोलली. शेतात डाग पडेल या भीतीने ती बायकांबरोबर खुरपायला जात नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

मग मॅडमनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत. गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन आहे, दिसायला तांबीसारखं. नुसती गाठ काढता येते. गर्भाशय काढता येतं. आणि पाळी जायचं वय जवळ असेल तर त्रास सांभाळत थांबताही येतं, कारण पाळी गेल्यावर या गाठी बहुतेक वेळा आक्रसतात. अंडाशय मात्र कारण नसताना काढायचे नाहीत. पाळी जायच्या आधी ते काढले की शरीरातलं हार्मोन एकदम थांबतं, हाडं ठिसूळ होतात, हृदयाचा धोका वाढतो.

आईच्या "सगळंच"चं उत्तर हे होतं. (मी डॉक्टर नाही. तुमच्या घरचा निर्णय या एपिसोडवरून घेऊ नका, तुमच्या डॉक्टरांना विचारा.)

विचारायचं काय?

डॉक्टरांनी काय काय सांगायला हवं, हे त्या २००८ च्या निकालात दिलंय. त्याचे मी पाच साधे प्रश्न केलेत. फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

१. नेमकं काय करणार आणि कशासाठी?
२. त्याने फायदा किती होईल?
३. धोके कोणते?
४. दुसरा पर्याय काय?
५. काहीच केलं नाही, किंवा थोडं थांबलो, तर काय होईल?

सहावा माझा स्वतःचा: "फॉर्म मराठीत समजावून सांगाल का?" ऐकून झालं की रुग्णाने आपल्या शब्दांत परत सांगायचं, "म्हणजे तुम्ही असं करणार, बरोबर ना?" चूक समजलं असेल तर तिथेच कळतं.

दोन गोष्टी आणखी. २००२ च्या डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार रुग्णाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. दुसरा सल्ला घ्यायचा तर ही कागदपत्रं लागतातच. आणि २०२१ पासून महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत खासगी हॉस्पिटलांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर शोधा. दिसली नाही तर काउंटरवर विचारा.

कुणी म्हणेल, डॉक्टरांसमोर शंभर पेशंट, एवढा वेळ कुठून आणायचा? खरंय. म्हणून प्रश्न लिहून न्या, एका माणसाने विचारा, अख्ख्या भावकीने नको. आणि आवाज चढवू नका. चांगल्या डॉक्टरला प्रश्नांचा राग येत नाही. उलट पेशंटला सगळं नीट कळलं तर तो गोळ्या वेळेवर घेतो, काही बिघडलं तर लवकर परत येतो. उपचाराचा दर्जा म्हणजे फक्त चकचकीत फरशी आणि एसी नाही, हाही त्याचाच भाग आहे.

आईचं काय झालं?

तिने आधी गोळ्या आणि लोहाची इंजेक्शनं घेतली, मग ते हार्मोनचं साधन बसवलं. आठ महिने बघितलं. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. मग एक दिवस तीच म्हणाली, "डाळिंबाचा बहार उरकू दे, मग काढून टाकू. पण अंडाशय ठेवायचे, हे मी मॅडमना सांगितलंय."

शेवटी ऑपरेशन झालं. म्हणजे पहिले डॉक्टरही अगदी चुकीचे नव्हते. मित्र मला म्हणाला, "मग आठ महिने फुकट गेले की!"

मी त्याला म्हटलं, आईला विचार. या वेळी फॉर्म आला तेव्हा तिने चष्मा मागितला, सिस्टरना एकेक ओळ समजावून सांगायला लावली आणि मराठीत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

तर मंडळी, घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना एवढंच विचारा, "तुला काय सांगितलंय, आणि तुला काय वाटतं?" काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!