हरसूलच्या वाटेवरील हिवाळा आणि मोटार

हिवाळ्यांत मोटारीची काळजी घ्यावी असें म्हटलें, कीं श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें परदेशांतील बर्फाचे रस्ते व चाकांना बांधलेल्या सांखळ्या उभ्या राहतात. आपल्याकडे तें कांहीं नाहीं, तेव्हां काळजीचेंहि कारण नाहीं, अशी समजूत मग सहजच होते. नाशिक जिल्ह्यांतील हरसूलच्या बाजूस डिसेंबर-जानेवारींत पहांटे प्रवास करणाऱ्यास ही समजूत महाग पडते. तेथें पाणी गोठून इंजिन फुटत नाहीं हें खरें. परंतु पहांटेच्या व दुपारच्या उष्णतेंत पंधरा-पंधरा अंशांचें अंतर पडतें, आणि गाडीची हानि होते ती या अंतरानें व चालकाच्या पहिल्या दहा मिनिटांतील घाईनें.

अपरात्रीं आजाऱ्यास नाशिकला न्यावयाचें असतें आणि गाडी नुसती कण्हत राहते. दोष थंडीला दिला जातो. वास्तविक शिशाच्या पत्र्यांची व आम्लाची बॅटरी झिजते ती एप्रिल-मेच्या उष्म्यानें. थंडींत तिच्यांतील रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशापाशीं तर तिची शक्ति सुमारें एक पंचमांशानें घटते. त्याच वेळीं तेल दाट झाल्यामुळें इंजिन फिरविण्यास जोर मात्र अधिक लागतो. उन्हाळ्यांत दुखावलेली बॅटरी अशा वेळीं उघडी पडते. म्हणून ती दिवाळीच्या सुमारासच तपासून घेणें शहाणपणाचें. १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला. तत्पूर्वीं लोखंडी हँडल हातानें फिरवावें लागे आणि तें उलट फिरलें कीं मनगट मोडे. तो काळ गेला हें बरेंच झालें. पण थंडीनें इंजिन किती जड होतें हें तेव्हां चालकाच्या दंडालाच कळत असे.

रात्रभर उभ्या गाडींतील वंगण तळाशीं उतरलेलें असतें. तें वरच्या भागांपर्यंत पोहोंचण्यास कांहीं क्षण लागतात, आणि नेमक्या त्याच क्षणीं पुष्कळ चालक पायाखालची पट्टी जोरानें दाबून इंजिन ‘गरम’ करतात. धातूवर धातू घासण्याचा याहून खात्रीचा उपाय नाहीं! उलट पक्षीं, पाव तास गाडी जागीं चालू ठेवणेंहि बरें नव्हे. थंड इंजिनास जादा पेट्रोल मिळतें, त्यांतील कांहीं न जळतां तेलांत उतरतें व तें पातळ करतें. अर्धें-एक मिनिट थांबावें, मग पहिले कांहीं किलोमीटर सावकाश जावें. तेलाच्या डब्यावर ‘५ डब्ल्यू ३०’ असे आंकडे असतात. त्यांतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर हिवाळ्याचें. त्याच्या अलीकडचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. कोणतें घालावयाचें हें गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेलें असतें.

टायरांतील हवेचा दाब साधारण सहा अंश थंडीमागें एक पौंडानें उतरतो. दुपारीं, धांवून तापलेल्या टायरांत तो पुरेसा दिसतो आणि दुसऱ्या पहांटे कमी भरतो. दाब पाहावयाचा तो सकाळीं, गाडी निघण्यापूर्वीं.

खरी कसोटी वाघेऱ्याच्या घाटांत. रात्रीं जड, थंड हवा दरींत उतरून बसते आणि पहांटे वळणावळणावर धुकें भेटतें. त्यांत भाताचा पेंढा नेणारी, दिवा नसलेली बैलगाडी अगदीं जवळ येईपर्यंत दिसत नाहीं. भीतीनें चालक सारा उतार ब्रेक दाबूनच उतरतो. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. पावसाळ्यांत ती वाढते. ब्रेक फार तापले कीं त्या ओलीची वाफ होते, आणि पायाखालची पट्टी पोकळ लागते. तें तेल दर दोन वर्षांनीं बदलावें, आणि उतरतांना गाडी खालच्या गिअरमध्येंच ठेवावी.

घाट उतरून विसाव्यासाठीं गाडी कोठेंहि उभी करूं नये. या दिवसांत रस्त्याकडेचें गवत वाळून कोळ झालेलें असतें, आणि गाडीखालची धूर शुद्ध करणारी पेटी शेंकडों अंशांपर्यंत तापते. दोहोंचा स्पर्श झाला कीं आग. मुक्कामाच्या गांवीं आणखी एक पाहुणा येतो. पीक निघाल्यावर शेतांतले उंदीर उबेसाठीं इंजिनाच्या कोनाड्यांत शिरतात व तारांची वेष्टणें कुरतडतात. सकाळीं झांकण उघडून पाहावें; त्यापूर्वीं त्यावर दोन थापा माराव्या, कारण उंदरामागें आलेली मांजरहि तेथेंच निजलेली असते.