नको, पण इंग्रजीत

आपल्याकडची इंग्रजी संभाषणाची पुस्तकं मागायला छान शिकवतात. पाणी मागा, रजा मागा, पत्ता विचारा. समोरच्यानं आपणहून काही देऊ केलं आणि ते नको असलं, तर मात्र सगळं 'नो, थँक यू'वर आटोपतं. त्यात चूक काही नाही. पण इंग्लंडमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर पिशवी हवी का असं विचारलं, की गिऱ्हाईक म्हणतं, 'आय ॲम ऑलराइट, थँक्स.' विचारलं पिशवीचं, सांगितली प्रकृती! अमेरिकेत त्याच जागी 'आय ॲम गुड' येतं. जुन्या वळणाचे इंग्रज त्यावर नाक मुरडतात. त्यांची नातवंडं बिनदिक्कत तेच बोलतात.

माझा लाडका प्रयोग याच्याही पुढचा: 'यू आर ऑलराइट'. मँचेस्टरच्या स्टेशनवर एका आजींची बॅग जिन्यावरून न्यायला एक पोरगा पुढे झाला. आजी म्हणाल्या, 'यू आर ऑलराइट, लव्ह,' आणि बॅग ओढत वर गेल्या. मदत नको होती आजींना, आणि ठीक ठरवलं पोराला! बॅगेचं नाव नाही, नकाराचा शब्द नाही. तुला कशाला तोशीस, एवढाच भाव. पोरगाही घुटमळला नाही.

आपली माणसं घसरतात ती 'आय डोन्ट वाँट'वर. 'नको' म्हणताना आपण ताटावर हात आडवा धरतो, हसतो, 'पोट भरलं हो' म्हणतो. इंग्रजीत तेवढं सगळं गळतं आणि उरते नुसती नावड. मुळात इंग्रज माणूस नकार देताना इच्छेचा विषयच काढत नाही, अडचण पुढे करतो. 'आय वुड लव्ह टू, बट...' आणि मग शेवटची गाडी, मुलं, डॉक्टर. अमेरिकन माणूस 'रेन चेक' मागतो. हे बेसबॉलचं देणं: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामना पावसात वाहून गेला, की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याला चालणारी चिठ्ठी मिळे.

विद्वानांनी यावर पुष्कळ लिहिलंय. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५मध्ये चारचौघांत एकमेकांची अब्रू सांभाळण्याचा विचार मांडला, ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी त्यावर सौजन्याचा सिद्धान्त उभारला. ते असो.

मला खिळवून ठेवलं ते सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ यांच्या १९९९च्या निबंधानं. मुलींना तेव्हा सल्ला दिला जाई: नको असलेल्या शरीरसंबंधाला स्पष्ट 'नो' म्हणा. या दोघींचं म्हणणं असं, की रोजच्या बोलण्यात तसं कुणीच म्हणत नाही. होकार चटकन येतो. नकाराआधी थोडं थांबणं, 'वेल', आभार आणि मग कारण. ऐकणाऱ्याला 'बट'च्या आतच कळतं आणि तो स्वतःच 'नो वरीज' म्हणून माघार घेतो. मग पुरुषांनाच नेमक्या वेळी कळेनासं कसं होतं? जेन ऑस्टिन यांच्या १८१३च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधले मिस्टर कॉलिन्स आठवा. एलिझाबेथ आधी आभार मानून, मग अगदी निक्षून लग्नाला नकार देते. गृहस्थ समजतात, मुली मनात हो असलं तरी नाहीच म्हणतात! इथे वाक्य कुठलंही वापरलं असतं तरी उपयोग नव्हता.

आग्रहाची सवय असलेल्या मराठी माणसाची गत उलटी. तो परक्या घरी रीतीप्रमाणे पहिल्यांदा नको म्हणतो, यजमान ते खरं धरतो आणि केकची थाळी आत जाते. त्याचं खरं जमेल ते आयर्लंडमध्ये. तिथे पहिला नकार कुणी मनावर घेत नाही. 'फादर टेड' या मालिकेतल्या मिसेस डॉइल चहासाठी कशा हात धुऊन मागे लागतात, ते पाहावं. तिथे चहा खरोखरच नको असेल, तर 'आय हॅव जस्ट हॅड वन' म्हणावं, तेही दोनदा. बिस्किट तरीही येईल.